स्वयंचलित गिअरबॉक्सचे अतितापन

स्वयंचलित गिअरबॉक्सचे अतितापन म्हणजे वाहनाच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाचे तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणे व तेथेच टिकून राहणे. जुन्या डिझेल वाहनांमध्ये, विशेषतः चढाचे रस्ते, मंदगती वाहतूक आणि जास्त भार एकत्र येतात तेव्हा, हा दोष वारंवार आढळतो. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या शेजारच्या जिल्ह्यांत घाटरस्ते, उसाची वाहतूक, कडक उन्हाळा व नदीकाठचे पूर या चारही गोष्टी असल्याने हा दोष तेथील परिस्थितीच्या आधारे चांगला समजून घेता येतो.

अतितापन हा स्वतंत्र रोग नसून लक्षण होय. गिअरबॉक्समध्ये निर्माण होणारी उष्णता आणि त्यातून बाहेर टाकली जाणारी उष्णता यांचा तोल बिघडला की तेल तापते. त्यामुळे गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी तेलाची पातळी, तेलाची स्थिती आणि शीतक यांची तपासणी करणे हा निदानाचा मूळ नियम मानला जातो. हा क्रम चुकल्यास एखादी तुंबलेली नळी साफ करून सुटणाऱ्या दोषासाठी संपूर्ण गिअरबॉक्स बदलला जाऊ शकतो. याउलट, मूळ कारण तसेच राहिले तर नवा गिअरबॉक्सही थोड्याच काळात जळतो.

पार्श्वभूमी

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ या नावाने ओल्ड्समोबिल मोटारींसाठी आणला. डिझेल मोटारींमध्ये ही सोय पुढील दशकांत रूढ झाली. १९७६ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील डिझेल मोटारी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

भारतात डिझेल इंजिन व स्वयंचलित गिअरबॉक्स ही जोडी दीर्घकाळ दुर्मीळ राहिली. महिंद्र स्कॉर्पिओची सहा गिअरची स्वयंचलित आवृत्ती २००८ मध्ये आली. २०११ मध्ये ह्युंदाई व्हर्ना व २०१२ मध्ये टोयोटा फॉर्च्युनर यांच्या चार गिअरच्या स्वयंचलित डिझेल आवृत्त्या बाजारात आल्या. त्या काळातील वाहने आता जुन्या वाहनांत मोडतात.

सातारा व सांगली या जिल्ह्यांना डिझेल इंजिनाचा परिचय जुना आहे. साताऱ्यातील कूपर उद्योग आणि सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी यांमुळे इंजिन, पंप व शेतीची अवजारे यांची कारागिरी या भागात रुजली. स्वयंचलित गिअरबॉक्सची रचना मात्र साध्या गिअरबॉक्सपेक्षा पूर्णपणे वेगळी असते. इंजिनाच्या दुरुस्तीत मुरलेल्या कारागिरालाही तिचे निदान नव्याने शिकावे लागते.

रचना व उष्णतेची निर्मिती

साध्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती क्लच प्लेटमार्फत पुढे जाते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लचची जागा टॉर्क कन्व्हर्टर घेतो. त्याच्या बंद कवचात समोरासमोर दोन पातेचक्रे असतात. इंजिनाला जोडलेले चक्र तेल फेकते आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरे चक्र फिरते. दोहोंमधील तिसरे चक्र तेलाची दिशा वळवून बलाघूर्ण वाढवते. दोन्ही मुख्य चक्रांच्या वेगात जितका फरक, तितके तेल घुसळले जाते आणि तितकी उष्णता निर्माण होते. जागेवरून निघताना, चढावर आणि कमी वेगात हा फरक सर्वांत जास्त असतो.

सपाट रस्त्यावर ठरावीक वेग गाठल्यावर ‘लॉक-अप’ क्लच ही दोन्ही चक्रे एकमेकांना घट्ट जोडतो. त्यामुळे घसरण थांबते व तेल थंड होऊ लागते. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये ही सोय मुळातच नसते.

गिअरबॉक्समधील तेलाला एकाच वेळी चार कामे करावी लागतात: शक्ती वाहून नेणे, क्लचच्या चकत्या दाबून धरणे, भागांचे वंगण करणे आणि उष्णता बाहेर नेणे. गरम तेल नळीवाटे शीतकाकडे जाते. बहुतेक वाहनांत हा शीतक रेडिएटरच्या एका टाकीत बसवलेला असतो. काहींत रेडिएटरपुढे स्वतंत्र हवेचा शीतक असतो.

शीतकाचे महत्त्व एका ढोबळ गणितावरून स्पष्ट होते. वाई ते पाचगणी या पसरणी घाटाच्या चढात सुमारे ५५० मीटर उंची गाठावी लागते. अडीच टन वजनाचे वाहन एवढे वर नेण्यासाठी सुमारे १३.५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. टॉर्क कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर सुमारे ३.४ मेगाज्यूल ऊर्जा तेलात उष्णतेच्या रूपाने उतरते. आठ लिटर तेलाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे १४ किलोज्यूल पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर गेलीच नाही, तर एका चढातच तेलाचे तापमान २४० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचे धातूचे कवच काही उष्णता शोषते व वारा काही नेतो. परंतु मुख्य भार शीतकावरच असतो.

तापमान व तेलाची हानी

नेमक्या मर्यादा तेलाच्या प्रकारावर व गिअरबॉक्सच्या रचनेवर अवलंबून असतात. खनिज तेलासाठी साधारणपणे पुढील टप्पे मानले जातात:

• ८० ते ९५ अंश सेल्सिअस: नेहमीचे तापमान.
• ११५ अंशांच्या पुढे: तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते आणि झडपांवर चिकट लेप बसू लागतो.
• १२५ ते १३० अंश: रबरी सील कडक होऊ लागतात, आतील दाब गळतो.
• १४५ अंशांच्या आसपास: क्लचच्या चकत्या घसरू लागतात, घसरणीमुळे उष्णता आणखी वाढते.
• १५५ अंशांच्या पुढे: चकत्यांवरील घर्षण-अस्तर जळते व तेलात काजळी होते.

सुमारे ८० अंशांच्या पुढे तापमान दर ११ अंशांनी वाढल्यास तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक रूढ ठोकताळा आहे. त्यानुसार सतत ११३ अंशांवर चालणाऱ्या तेलाचे आयुष्य मूळच्या एक-अष्टमांश उरते. चौथ्या टप्प्यापासून दोष स्वतःच स्वतःला वाढवत जातो. त्यामुळे सुरुवातीची लक्षणे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

जुन्या डिझेल वाहनांची वैशिष्ट्ये

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच मोठे बलाघूर्ण देते. चढावर हे सोयीचे असले, तरी टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत जास्त घसरतो त्याच वेळी त्यावर मोठा भार येतो. इंजिनाच्या फेऱ्या कमी असल्याने पाण्याचा पंप व पंखा यांचा वेगही कमी राहतो. पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याचा द्रवचालित क्लच जुना झाला की पंखा पुरेशी हवा ओढत नाही. वाहन वेगात असताना हा दोष लपून राहतो आणि घाटात उघड होतो.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे निर्वात दाब आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात तो मिळत नाही. त्यासाठी वेगळा निर्वात पंप असतो. काही जुन्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ वर उल्लेखिलेल्या डब्ल्यू १२३ मध्ये, याच निर्वात दाबाच्या आधारे गिअरबॉक्सला इंजिनावरील भार कळतो. रबरी नळीला बारीक चीर पडली तरी गिअर चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या दाबाने पडतात. इतर काही गिअरबॉक्समध्ये हेच काम अॅक्सिलरेटरला जोडलेली तार करते. ती सैल झाल्यास आतील दाब कमी पडून चकत्या घसरतात.

सातारा व सांगली परिसरातील परिस्थिती

घाटरस्ते

सातारा जिल्ह्यात वाई–पाचगणी मार्गावरील पसरणी, सातारा–कास मार्गावरील यवतेश्वर, मेढा–महाबळेश्वर मार्गावरील केळघर, महाबळेश्वर–पोलादपूर मार्गावरील आंबेनळी आणि कराड–चिपळूण मार्गावरील कुंभार्ली हे प्रमुख घाट आहेत. पुणे–बंगळूर महामार्गावरील खंबाटकी घाटात अनेक वर्षे पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढून, तर उलट दिशेची वाहने बोगद्यातून जात आली आहेत. सुट्ट्यांच्या दिवसांत या चढावर वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. चढ, भार आणि वाऱ्याचा अभाव एकत्र आल्याने गिअरबॉक्सची ही सर्वांत कठीण परीक्षा असते. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक असून फुलांच्या हंगामात यवतेश्वर घाटातही तशीच गर्दी होते.

उंचीचाही परिणाम होतो. सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने दहा टक्क्यांहून अधिक कमी असते. विरळ हवा शीतकातून कमी उष्णता नेते. टर्बोचार्जर नसलेल्या जुन्या इंजिनाची शक्तीही घटते व चालकाला अॅक्सिलरेटर अधिक दाबावा लागतो. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९६ अंशांवर उकळते. म्हणून रेडिएटरचे दाब राखणारे झाकण खराब असल्यास इंजिनाचे पाणी लवकर उकळते आणि त्या पाण्यावर अवलंबून असलेला गिअरबॉक्सही तापतो.

उसाचा हंगाम व उन्हाळा

वाळवा, पलूस, कराड व फलटण या उसाच्या तालुक्यांत गळीत हंगामात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे बराच वेळ कमी वेगात चालताना लॉक-अप लागत नाही आणि शीतकाला वारा मिळत नाही. धूळ, पाचटाचे तुकडे व किडे रेडिएटरच्या जाळीत अडकतात. वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर पुढे असल्याने मागच्या जाळीतील हा थर बाहेरून दिसत नाही. जत, आटपाडी व कवठेमहांकाळ या सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात आणि साताऱ्यातील माण-खटावमध्ये उन्हाळ्यात हवाच तापलेली असल्याने तेल व हवा यांच्या तापमानातील फरक घटतो. तितकी उष्णता कमी बाहेर जाते.

पुराचे पाणी

ऑगस्ट २०१९ मधील महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपुढे गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात उभ्या असलेल्या वाहनांच्या गिअरबॉक्समध्ये श्वासनळीतून किंवा तेलपट्टीच्या नळीतून पाणी शिरू शकते. पाणी मिसळलेले तेल गुलाबी दुधासारखे दिसते. पाण्यामुळे चकत्यांवरील अस्तर सुटू लागते, सुटलेले कण गाळणी व शीतक तुंबवतात आणि अतितापन काही आठवड्यांनी प्रकट होते. म्हणून पुरात बुडालेल्या वाहनाचे तेल इंजिन सुरू करण्यापूर्वीच तपासणे आवश्यक असते. जुने वाहन विकत घेतानाही ही तपासणी उपयुक्त ठरते.

लक्षणे

• गिअर बदलण्यास विलंब होणे, किंवा बदलताना धक्का बसणे.
• इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही वेग न वाढणे.
• थंड असताना ठीक चालणारे वाहन अर्ध्या-पाऊण तासाने ओढेनासे होणे.
• मागे जाण्याचा गिअर उशिरा लागणे.
• जळका वास, तसेच तेलाचा लाल रंग जाऊन तपकिरी किंवा काळा होणे.
• तेलाच्या तापमानाचा इशारा-दिवा लागणे.

अनेक जुन्या वाहनांत गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा नसतो. इंजिनाच्या पाण्याचा काटा मध्यावर असतानाही गिअरबॉक्सचे तेल धोक्याच्या पातळीवर असू शकते.

निदानाचा क्रम

निदान स्वस्त व बाहेरून करता येणाऱ्या तपासण्यांपासून खर्चिक तपासण्यांकडे जाते.

१. तेलाची पातळी. बहुतेक गिअरबॉक्समध्ये ती तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून व सपाट जागेवर पाहावी लागते. गिअर ‘पी’ मध्ये ठेवायचा की ‘एन’ मध्ये, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. कमी तेलामुळे पंप हवा ओढतो. जास्त तेल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेसाळते आणि त्यानेही तापमान वाढते. त्यामुळे ‘थोडे जास्त असलेले बरे’ ही समजूत येथे घातक ठरते.

२. तेलाची स्थिती. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून रंग व वास पाहिला जातो. केवळ गडद तेल हे वयाचे लक्षण असू शकते. जळका वास व काळे कण चकत्या झिजल्याचे, चकाकणारे कण धातूच्या झिजेचे आणि दुधाळ रंग पाणी मिसळल्याचे लक्षण असते. दुधाळ तेल आढळले आणि वाहन पुरात बुडाले नसेल, तर रेडिएटरच्या टाकीतील शीतक आतून फुटल्याचा संशय प्रथम घ्यावा लागतो. त्या स्थितीत वाहन चालवणे ताबडतोब थांबवावे लागते.

३. इंजिनाची शीतन व्यवस्था. पाण्याची पातळी, झाकण, थर्मोस्टॅट, पंख्याचा क्लच आणि जाळ्यांमधील कचरा तपासला जातो. इंजिन स्वतःच तापत असेल, तर गिअरबॉक्सच्या तपासणीपूर्वी ते दुरुस्त करणे क्रमप्राप्त असते.

४. शीतकातील प्रवाह. गरम वाहनाच्या शीतकाकडे जाणाऱ्या व परत येणाऱ्या नळ्यांचे तापमान अवरक्त तापमापकाने मोजले जाते. दोन्ही जवळजवळ सारखीच गरम असतील, तर शीतक उष्णता घेत नाही. परतीची नळी फारच थंड असेल, तर तेल मंद वाहत असून मार्ग तुंबल्याची शक्यता असते. दबलेल्या किंवा मुरगळलेल्या नळ्या डोळ्यांनी शोधता येतात.

५. लॉक-अप. सपाट रस्त्यावर सुमारे ७० ते ८० किलोमीटर वेगात, मागे वाहन नसताना, अॅक्सिलरेटर स्थिर ठेवून ब्रेकला हलका स्पर्श केला जातो. लॉक-अप लागलेला असल्यास तो सुटतो आणि इंजिनाच्या फेऱ्या किंचित वाढतात. काहीच फरक न पडल्यास तो लागतच नसल्याचा संशय येतो.

६. नियंत्रण. निर्वात नळ्या, अॅक्सिलरेटरची तार, तारांची जोडणी आणि इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये संगणकातील दोषसंकेत पाहिले जातात.

७. दाब व अंतर्गत तपासणी. दाबमापक जोडून तेलाचा दाब मोजला जातो व तळाचे भांडे उतरवून गाळणी पाहिली जाते. ब्रेक दाबून पूर्ण अॅक्सिलरेटर देण्याची ‘स्टॉल’ चाचणी काही सेकंदांतच तेल प्रचंड तापवते. ती पाच सेकंदांहून अधिक करू नये, आणि आधीच तापलेल्या किंवा जळक्या वासाच्या गिअरबॉक्सवर मुळीच करू नये.

उपाय

कारणानुसार उपाय बदलतो. तेल बदलताना निर्मात्याने सांगितलेल्याच प्रकाराचे तेल घालावे लागते. निरनिराळ्या तेलांचे घर्षणगुण वेगळे असल्याने रंग सारखा असणे पुरेसे नसते. भांडे उतरवून काढलेल्या तेलाबरोबर टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल सहसा निघत नाही. म्हणून एका बदलानंतरही बरेच जुने तेल आत राहते. चकत्या जळून गिअरबॉक्स दुरुस्त केला असल्यास शीतक व नळ्या उलट दिशेने धुणे किंवा शीतक बदलणे अनिवार्य असते. अन्यथा जुने कण नव्या गिअरबॉक्समध्ये जातात.

नेहमी घाटात किंवा जास्त भाराने चालणाऱ्या वाहनाला अतिरिक्त हवेचा शीतक बसवता येतो. तो सामान्यतः रेडिएटरमधील शीतकानंतर, परतीच्या नळीवर जोडतात. मात्र मूळ दोष न शोधता बसवलेला मोठा शीतक घसरणाऱ्या चकत्यांचे लक्षण केवळ झाकतो.

घाटात घ्यावयाची काळजी

चढावर गिअर सतत वरखाली होत असल्यास खालचा गिअर हाताने निवडल्याने इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, टॉर्क कन्व्हर्टरची घसरण घटते आणि पंप व पंखाही जोराने चालतात. चढावर थांबताना अॅक्सिलरेटरवर वाहन तोलून न धरता ब्रेक वापरावा लागतो. उतारावरही खालचा गिअर ठेवावा. ‘एन’ मध्ये गाडी सोडल्यास इंजिनाचा अवरोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो.

इशारा-दिवा लागल्यास सुरक्षित जागी थांबून हातब्रेक लावतात, चाकांना दगडाची अट देतात, गिअर ‘पी’ मध्ये घेतात, वातानुकूलन बंद करतात आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालत असल्याने इंजिन बंद करताच शीतकाकडे जाणारा प्रवाह थांबतो. मात्र इंजिनाचे पाणी उकळत असेल किंवा तेल गळत असेल, तर इंजिन त्वरित बंद करणे आवश्यक असते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

बंद पडलेले वाहन दोराने किंवा ट्रॅक्टरने ओढून नेण्याची पद्धत ग्रामीण भागात रूढ आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सला ती मारक आहे. इंजिन बंद असताना पंप चालत नाही, त्यामुळे फिरणाऱ्या चाकांबरोबर गिअरबॉक्सचे भाग वंगणाविना फिरतात. शिवाय डिझेल इंजिन बंद होताच निर्वात पंप थांबतो, ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांनंतर संपते व पेडल अतिशय जड होते. घाटातील उतारावर हे जीवघेणे ठरू शकते. चालणारी चाके जमिनीवरून उचलून किंवा संपूर्ण वाहन ट्रकवर चढवून नेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

इतर गिअरबॉक्सशी फरक

क्लच पेडल नसलेले प्रत्येक वाहन एकाच प्रकारचे नसते. साध्या गिअरबॉक्सवर यंत्रहात बसवलेल्या ए.एम.टी. प्रकारात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तेथे चढावर तापते ती क्लच प्लेट. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल व तपासणीही वेगळी असते. त्यामुळे वरील क्रम लावण्यापूर्वी वाहनात कोणता गिअरबॉक्स आहे, हे निश्चित करावे लागते.

हेही पहा

• टॉर्क कन्व्हर्टर
• डिझेल इंजिन
• रेडिएटर
• खंबाटकी घाट
• पसरणी घाट